पहिलं अक्षर गिळणारा हब

कळमनुरीत माझा टायपिंगचा क्लास आहे. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर मी. दुकानात हरभरा आला की उंदीर येतात आणि हरभऱ्याचा कंटाळा आला की ते जिना चढून माझ्याकडे येतात. त्यांना वायर आवडते. एका हंगामात त्यांनी मला इतकं छळलं की मी सगळे कॉम्प्युटर उचलून भिंतीवरच्या फळीवर नेऊन ठेवले. स्क्रीन आणि कीबोर्ड तेवढे खाली टेबलावर. पण कीबोर्डची वायर फळीपर्यंत पुरेना. म्हणून नांदेडला जाऊन प्रत्येक टेबलासाठी एकेक हब आणला. हब म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. तिची लांब वायर वर कॉम्प्युटरमध्ये खुपसायची आणि डबीच्या तोंडांत कीबोर्ड, माऊस लावायचे. उंदरांवर मात केली म्हणून मी बरेच दिवस मान वर करून फिरत होते.

माझे कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टीमवर चालतात. आमच्याकडे हे सांगितलं की लोक, "म्हणजे बिघडलेत का?" असं विचारतात. बिघडलेले नाहीत. लोकांनी भंगारात काढलेली मशिनं त्यावर गुमान चालतात हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे त्यात सगळं उघडून बघता येतं. 'काहीतरी चुकलं' एवढंच सांगून गप्प बसणारी यंत्रं मला सहन होत नाहीत. माणसंसुद्धा होत नाहीत. काय चुकलं ते सांग, नाहीतर बाजूला हो, असा माझा स्वभाव आहे आणि त्यापायी मी बऱ्याच लोकांना नकोशी आहे.

त्या वर्षी संध्याकाळच्या बॅचला एक ताई आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, आमच्याच तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरच्या. एका सरकारी कचेरीत शिपाई होत्या. नवरा त्याच कचेरीत शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागलेल्या. आता कचेरीत क्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. अट एकच, मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र पाहिजे. ताई टायपिंगच्या परीक्षेत पास झाल्या तर जागा त्यांची. नापास झाल्या तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, आणि दुसरी जागा रिकामी होईपर्यंत ताई निवृत्त होऊन घरी बसलेल्या असणार.

बढती कशाला हवी, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते, कारण उत्तरावरून माणूस किती दिवस टिकेल ते कळतं. बहुतेकजण पगार म्हणतात. ताई म्हणाल्या, "मॅडम, त्या हाफिसातल्या समद्या खुर्च्या पुसल्या मी. एकीवर बसले न्हाई. एक डाव बसून नौकरी करायचीय मला."

मी म्हटलं, बसा. आणि त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं.

ताईंचा हात फार लवकर बसला. कापूस वेचलेली बोटं होती ती. एक हात बोंडावर असताना दुसरा पुढच्या बोंडाकडे निघालेला असतो, तसंच कीबोर्डवरही चाले. बोलायच्याही भारी. कचेरीतल्या साहेबांच्या नकला करायच्या, मधेच मला चिमटा काढायच्या, की मॅडम, तुमी साहेब झाल्या असत्या तर मी नौकरीच सोडली असती. दिवाळीपर्यंत त्यांचा वेग परीक्षेला पुरेल इतका आला. मी मनातल्या मनात त्यांना पास करून टाकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी सगळ्या मशिनांवर नवी सिस्टीम घातली. आणि सुट्टी संपली तशी कटकट सुरू झाली.

ताईंचं पहिलं अक्षर गायब होऊ लागलं. उतारा 'कामगार' या शब्दाने सुरू व्हायचा, तर स्क्रीनवर क नसायचाच, नुसता काना एकटा उभा आणि त्याच्या मागे बाकीचं बिऱ्हाड. 'खरेदी' असेल तर ख साठी दाबलेली शिफ्टच गिळली जायची आणि 'करेदी' व्हायची. प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला हेच. परीक्षेत एक अक्षर गेलं की अख्खा शब्द चुकीचा धरतात, आणि मागे जाऊन दुरुस्त करावं तर वेग पडतो. ताईंचे गुण पासच्या रेषेखाली घसरले.

पहिल्यांदा मी जे सगळे मास्तर करतात तेच केलं. दोष विद्यार्थ्याच्या गळ्यात घातला. बोट नीट दाबत नाही तुम्ही, म्हटलं. त्या म्हणाल्या, बराबर दाबून राहिले. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. त्या हसल्या आणि इतक्या जोराने बटणं दाबायला लागल्या की खालच्या दुकानदाराने वर येऊन काय ठोकताय म्हणून विचारलं. अक्षर तरीही गेलं.

मग कीबोर्ड बदलला. गेलं. हब बदलला. गेलं. शेवटी ताईंनाच उचलून दुसऱ्या टेबलावर बसवलं आणि त्यांच्या जागी कॉलेजातल्या एका मुलीला. मुलगी धाडधाड टाईप करत सुटली, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि ताईंचं नव्या टेबलावरही पहिलं अक्षर गायब. मी त्यांना खोलीभर फिरवलं. बिघाड त्यांच्या मागे मागे फिरत होता.

इथून गोष्ट वाकड्यात शिरली. मशिन बिघडलं तर दुरुस्त करता येतं, पण बाईच्या मागे बिघाड फिरतो म्हटल्यावर लोकांना चघळायला विषय मिळाला. खालचा दुकानदार म्हणाला, नजर लागली असेल, लिंबू उतरवा. बॅचमधलं कुणीतरी म्हणालं, काहींच्या हातालाच यश नसतं. ते ताईंनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी कुणाचीच नक्कल केली नाही. जाताना चप्पल घालता घालता मला म्हणाल्या, "माझ्याच हाताला काहून असं होऊन राह्यलं, मॅडम? नशिबात खुर्ची नसंल तर नसंल. उगं तुमाला तकलीफ."

मला राग आला. त्यांचा नाही. हाताचा आणि नशिबाचा. माझ्या क्लासमध्ये नशीब फी भरून येत नाही, त्यामुळे त्याला बसायला जागा नाही, असं मी त्यांना सांगितलं आणि उद्या या म्हटलं. पण म्हणायला काय जातं. परीक्षा जवळ येत होती आणि मला काडीचा पत्ता लागलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लास रिकामा असताना मी मशिनसमोर मांडी ठोकून बसले. संशय ड्रायव्हरवर होता. सिस्टीमचा जो आतला गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात, आणि त्या गाभ्यात एकेका वस्तूला सांभाळणारे ड्रायव्हर असतात. एक हबला सांभाळतो, एक कीबोर्डला. बटण दाबलं की ते हबमधून वर जातं, ड्रायव्हर ते ओळखतो आणि मग अक्षर स्क्रीनवर येतं. वाटेत कुठेतरी एखादा चोर असणार हे उघड होतं. कर्नल काय काय घडलं ते ओळीने सांगत असतो, ते मी वाचत बसले. हब सापडला, कीबोर्ड सापडला, सगळं ठीक. तक्रारीची एक ओळ नाही. इतकं ठीक कुणाचंच नसतं, असं वाटून माझा संशय उलट वाढला.

मग म्हटलं, नवा कर्नलच खोटा. दिवाळीआधीचा जुना कर्नल अजून मशिनमध्ये होता, तो लावून मशिन चालू केलं. संध्याकाळी ताईंना बसवलं. पहिलं अक्षर गेलं. म्हणजे कर्नल निर्दोष. मी चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते. त्या संध्याकाळी मी हबला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कॉलेजच्या पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसत होत्या.

शेवटी सगळे उपाय थकल्यावर मी एक खुर्ची ओढून ताईंच्या शेजारी बसले. इतके दिवस मी स्क्रीनकडे बघत होते, हबकडे बघत होते, फळीवर चढून मशिनकडे बघत होते. ताईंकडे बघितलंच नव्हतं.

त्यांनी उतारा उघडला. दोन्ही हात कीबोर्डला लावले, मग कपाळाला लावले. डोळे मिटले, ओठ हलले. आपल्या तांड्याच्या महाराजांचं नाव घेतलं असणार. मग डोळे उघडून बोटं जागेवर ठेवली आणि सुरुवात केली. परिच्छेद संपला की पुन्हा कीबोर्डला हात लावून कपाळाला, आणि मग पुढचा परिच्छेद. आमच्याकडे ही काही नवलाची गोष्ट नाही. पुस्तकाला पाय लागला तर पाया पडणारी माणसं आम्ही, शिकायच्या वस्तूला हात जोडणारच. इतक्या वेळा डोळ्यांसमोर घडलेलं होतं म्हणूनच ते मला दिसलं नव्हतं. कॉलेजच्या पोरी नमस्कार करत नव्हत्या. त्या उतारा उघडल्याबरोबर सुटायच्या, त्या थेट शेवटपर्यंत. अधूनमधून थांबल्या तर त्यांचंही अक्षर जात असेल, पण त्यांच्या चुकांच्या ढिगाऱ्यात एक अक्षर कुणाला सापडणार.

मी ताईंना उठवलं आणि त्यांच्या जागी बसले. मी फारशी देवभोळी नाही, पण शास्त्र ते शास्त्र. कीबोर्डला हात लावले, कपाळाला लावले, डोळे मिटले आणि टाईप केलं. माझंही पहिलं अक्षर गेलं.

अख्खी बॅच उठून माझ्यामागे उभी राहिली. मी पुन्हा केला नमस्कार. पुन्हा गेलं. मग नमस्कार न करता नुसता चहाचा एक घोट घेतला आणि टाईप केलं. तरी गेलं. मला इतका आनंद झाला की मी चहा टेबलावर सांडला. देवाचा काही संबंध नव्हता, ताईंच्या हाताचाही नव्हता. मधे जो क्षणभर हात थांबत होता त्याचा सगळा खेळ होता.

बाकीचं मग भराभर उलगडलं. नव्या सिस्टीमबरोबर वीज वाचवणारा एक प्रोग्राम आपणहून आला होता, न विचारता. त्याने कर्नलला सांगून ठेवलं होतं की कीबोर्ड आणि हब दोन सेकंद रिकामे दिसले की त्यांना झोपवून टाक. ताईंचा नमस्कार व्हायला दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागायचा. तेवढ्यात हब झोपी जायचा. मग पहिलं बटण दाबलं की तो दचकून जागा व्हायचा, पण ते बटण कुठलं होतं हे त्याला आठवायचं नाही. दुसऱ्या अक्षरापासून साहेब कामावर हजर. आणि ड्रायव्हर तक्रार कशाला करेल? सांगितल्याप्रमाणे झोपला, सांगितल्याप्रमाणे उठला. त्याच्या लेखी सगळं बरोबर होतं.

मी ताईंना एवढंच म्हटलं की अंगण खरंच वाकडं होतं. त्यांना हसू आवरेना.

घाईघाईने मी सोपा उपाय सांगितला, की नमस्कार करू नका, सरळ सुरू करा. त्यांनी मान हलवली आणि करून पाहिलं. पहिलं अक्षर जागेवर आलं, पण पुढे सगळं बिघडलं. बोटं एकमेकांत अडकायला लागली, वेग पडला, सोपे शब्द चुकले. पुन्हा पुन्हा करून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले. म्हणाल्या, हात न जोडता बसलं की चोरी करायला बसल्यासारखं वाटून राहिलं.

माझ्या लक्षात आलं की मी उलटं करते आहे. डबीला झोप येते म्हणून बाईने देवाला हात जोडायचे नाहीत, हा कुठला न्याय? बदलायचं तर डबीला बदलू. सिस्टीमच्या आत खोलवर, प्रत्येक वस्तूच्या नावाने एक जागा असते, तिथे तिने झोपावं की जागं राहावं ते लिहिलेलं असतं. कीबोर्डच्या आणि हबच्या नावापुढे 'ऑटो' लिहिलं होतं. मी 'ऑन' लिहिलं. ताईंनी सावकाश, डोळे मिटून, महाराजांचं नाव घेऊन नमस्कार केला आणि टाईप केलं. क आला. कान्याला आधार मिळाला. बॅचमध्ये कुणीतरी टाळी वाजवली.

पण हा आनंद एका रात्रीचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरनेही दम सोडला आणि सगळी मशिनं बंद पडली. संध्याकाळी चालू केली, ताई बसल्या, नमस्कार केला, आणि अक्षर पुन्हा गायब. त्यांचा चेहरा एकदम पडला. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी क्लास मनातून सोडला होता. त्या पिशवी उचलायला लागल्या, आणि मी, म्हणजे जी बाई फी बुडवून जाणाऱ्यालासुद्धा थांब म्हणत नाही ती मी, जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, दहा मिनिटं थांबा, नाहीतर मला ढकलून जा. त्या थांबल्या. मला ढकलणं तसं सोपं नाही.

झालं होतं ते साधंच होतं. मी लिहिलेलं 'ऑन' मशिन चालू असेपर्यंतच टिकायचं. बंद करून पुन्हा चालू केलं की तो वीज वाचवणारा शहाणा उठून सगळं पुन्हा 'ऑटो' करायचा. मी आधी त्यालाच काढून टाकलं. मग सिस्टीमच्या नियमांत एक ओळ कायमची लिहून ठेवली, की कीबोर्ड आणि हब कधी म्हणजे कधीच झोपणार नाहीत. मशिन बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. ताई पिशवी मांडीवर घेऊन बघत होत्या. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली.

आता एकच धाकधूक उरली होती. परीक्षा हिंगोलीला, दुसऱ्याच कुणाच्या मशिनवर. तिथे कुठला हब, कुठली सिस्टीम, कोण किती झोपतंय, काही सांगता येत नव्हतं. मी पर्यवेक्षकाला काय सांगणार, माझी विद्यार्थिनी नमस्कार करते म्हणून तुमची मशिनं जागी ठेवा? म्हणून ताईंना एक युक्ती शिकवली. नमस्कार झाला की एकट्या शिफ्टवर हलकंसं बोट टेकवायचं आणि सोडायचं. त्याने काहीच उमटत नाही, पण झोपलेलं असेल ते जागं होतं. ताईंनी विचारलं, म्हणजे आधी महाराजांना उठवायचं, मग मशिनीला? मी म्हटलं, महाराज जागेच असतात, मशिनीचीच खात्री नाही. हे त्यांना इतकं पटलं की पुढे त्या नमस्कार करताना शिफ्टला आपोआपच बोट लावू लागल्या.

परीक्षेच्या दिवशी त्या पहाटेच्या एसटीने हिंगोलीला गेल्या. मी दिवसभर क्लासमध्ये बसून कुणाचंच ऐकत नव्हते. संध्याकाळी त्या थेट क्लासवर आल्या आणि मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, की त्यांचं मशिन बराबर चाललं, पण शेजारची पोरगी पहिल्याच शब्दाला आई गं म्हणाली. तिचंही पहिलं अक्षर झोपलेल्या हबने गिळलं होतं की काय, हे मला कधीच कळलं नाही.

निकाल लागला, ताई पास झाल्या. पेढे त्यांनी आधी खालच्या दुकानदाराला दिले. लिंबू उतरवायला सांगणाऱ्याचं तोंड आधी गोड करायचं, असं म्हणाल्या. त्यानंतर काही महिने त्यांची काही खबर नव्हती. मीही नव्या बॅचमध्ये अडकले होते. जागेचा आदेश निघाला की नाही, की मधेच दुसऱ्या कुणाची वर्णी लागली, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. सरकारी कामात तोंडाशी आलेला घासही गिळेपर्यंत खरा नसतो.

मग एका कामासाठी मला त्याच कचेरीत जावं लागलं. एक दाखला हवा होता. काउंटरपाशी गेले तर समोर ताई होत्या. खुर्चीवर. कॉटनची इस्त्रीची साडी, चष्मा नाकावर, पुढे कीबोर्ड. कुठलासा लांबलचक आदेश टाईप करत होत्या, नजर शेजारच्या कागदावर आणि बोटं आपापल्या वाटेने पळणारी. एक शिपाई पोरगा पाण्याचा ग्लास त्यांच्या टेबलावर ठेवून गेला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

मी हाक मारली नाही. माझ्यामागे रांग वाढत होती आणि लोक कुरकुरत होते, की हे सरकारी लोक बघतसुद्धा नाहीत. एरवी मीच सगळ्यांत आधी कुरकुरले असते. ओळ संपेपर्यंत ताईंनी आमच्याकडे पाहिलं नाही, आणि मी त्या काउंटरसमोर गुपचूप उभी राहिले. सरकारी कचेरीत ताटकळत उभं राहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.